डाव्या हाताचं गंध

मी सहाण बोलतेय. गंध उगाळायचा गोल दगड. वीतभर रुंद, चार बोटं जाड, खाली तीन बुटके पाय. एका हाताने उचलाल तर मनगट दुखेल, एवढं माझं वजन. ते वजन लक्षात ठेवा. त्या वजनानेच एका घराचं वाटोळं झालं.

माझा जन्म पायऱ्यांच्या फरश्या कापणाऱ्या एका कारागिराच्या आवारात झाला. एका मोठ्या दगडातून पायऱ्या निघाल्या आणि उरलेल्या कोपऱ्यातून मी. माझ्या सख्ख्या बहिणी कुठल्यातरी कचेरीच्या जिन्यात बसल्या. दिवसभर लोकांच्या चपला सोसतात म्हणे. मी देवाच्या पुढ्यात जाणार, म्हणून मला त्यांची कीव यायची. आता येत नाही. चपला निदान पुढे निघून जातात.

एका नव्या जोडप्याने मला विकत घेतलं. त्याने मला हातात तोललं, अंगठ्याने चाचपलं आणि म्हणाला, “हीच घेऊ.” तिने पिशवी उघडून धरली. एवढंच तिचं काम. पुढे कित्येक वर्षं त्या घरात देवाचं असंच चाललं. तो घ्यायचा, ती पिशवी धरायची.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक गॅलरी. स्वयंपाकाच्या खोलीत भिंतीला लाकडी फळी, तिच्यावर पितळेच्या तीन मूर्ती आणि निरांजन. तो टपालखात्यात पत्रं निवडायचा. ती चष्म्याच्या काचांच्या कारखान्यात होती. फिरत्या चाकावर पाण्याची बारीक धार पडत असते, त्या चाकाला काच टेकवून ती फ्रेमच्या मापाची करायची. अंगठा आणि दोन बोटं यांच्या चिमटीत काच धरायची. जोर जास्त झाला तर काच तडकते, कमी झाला तर बसत नाही. कारखान्यात तिच्या चिमटीला तोड नव्हती, हे मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. शेजारच्या वहिनी सांगायच्या.

तो मात्र भक्त म्हणून प्रसिद्ध होता. आजूबाजूचे त्याला ‘महाराज’ म्हणत, आधी चेष्टेने, मग खरोखरच. मी ‘तो’ म्हणते. का, ते पुढे कळेलच.

पण खोटं कशाला बोलू? सुरुवातीची त्याची भक्ती खरी होती. माझ्यावर चंदनाचं खोड फिरवताना त्याचा हात थरथरायचा. डोळ्यांतून धारा लागायच्या आणि त्या टपटप माझ्यावर पडायच्या. कित्येक दिवस देवाच्या कपाळी लागलेलं गंध निम्मं चंदनाचं आणि निम्मं आसवांचं असायचं. त्याचा गळा गोड होता. सुट्टीच्या दिवशी लोक पूजा बघायला यायचे आणि पार गॅलरीपर्यंत बसायचे. म्हणायचे, “याला म्हणतात भाव!”

तिचा भाव कुणी विचारला नाही. ती त्याच्या आधी उठायची. मूर्ती घासायची, वाती वळायची, पाणी भरून ठेवायची, त्याच्यासाठी आसन अंथरायची आणि मग शेगडीपाशी उभी राहायची. एकदा भरल्या खोलीत तो म्हणाला, “आमच्या हिच्या डोळ्यांत कधी टिपूस नाही यायचं. दगड आहे दगड!” सगळे हसले. तीही थोडं हसली. राग मला आला.

एकदा तो परगावी गेला असताना ती देवापुढे बसली. डोळे मिटले आणि वाट पाहिली. त्याला जे होतं ते आपल्याला होतंय का, बघत होती बिचारी. काही झालं नाही. शेगडीवरचं दूध उतू गेलं. ती उठली.

मग एका साध्यासुध्या मंगळवारी त्याचं ते सुख आटलं. कारण काही नाही. कुणी मेलं नव्हतं, कसला घात झाला नव्हता. हात माझ्यावर नेहमीसारखा फिरला, पण थरथरला नाही. डोळे कोरडे राहिले. तो थांबला, पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबला. बुधवारीही तेच. महिना गेला. त्याने उपास धरले, गार पाण्याने आंघोळी केल्या, पूजा तासाची तीन तासांची केली. एवढा जोर लावायचा की खोडाची साल माझ्यात रुतायची. देवाकडे तो आता वसुलीला आल्यासारखा बघायचा.

घरात बसून सोसलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण लोक यायचे ना! त्यांना आसवं बघायची सवय लागली होती. एका सुट्टीच्या सकाळी मी पाहिलं, आरतीच्या वेळी तो कापराच्या धुरावर मुद्दाम वाकला आणि डोळे झोंबून पाणी येईपर्यंत वाकूनच राहिला. मग वळला. गाल ओले. लोकांनी हात जोडले.

दारात त्याची लेक उभी होती. चौदा वर्षांची. तिनेही पाहिलं आणि ती फिसकन हसली.

तेवढंच. एक हसू. कुणाच्या लक्षातही आलं नाही, त्याच्याखेरीज.

दुसऱ्या दिवसापासून त्याला आपला देव कुणी पळवला ते कळलं. “घरात पाप आहे,” तो बायकोला म्हणाला. “म्हणून तो येत नाही.” पूजा होईपर्यंत लेकीने गॅलरीत उभं राहायचं, दार लावलेलं, असा नियम झाला. थंडीच्या दिवसांत तिचे दात वाजलेले मला आत ऐकू यायचे. पूजा संपली की तो तिला आत घ्यायचा आणि देवापुढे उभी करून विचारायचा, “काल काय पाप केलंस? सांग. सांगितल्याशिवाय शाळा नाही.”

पहिले काही दिवस ती म्हणाली, “काही नाही केलं, बाबा.” त्या दिवशी शाळा बुडायची. मग ती शहाणी झाली आणि पापं बनवू लागली. मैत्रिणीची पेन्सिल लपवली. बाईंना मनात शिवी दिली. दूध प्यायले सांगून मोरीत ओतलं. तो ऐकून घ्यायचा, मान हलवायचा आणि दुसऱ्या दिवशी माझ्यावर आशेने हात फिरवायचा. कोरडाच. म्हणजे पाप याहून मोठं असणार. पोरीला मग मोठी पापं बनवावी लागायची.

आणि तिची आई? आई शेगडीपाशी उभी असायची. डबा भरायची. एकदा म्हणाली, “अहो, लहान आहे ती.” तो म्हणाला, “तू मध्ये बोलू नकोस. तुला यातलं काय कळतं?” तिने डब्याचं झाकण लावलं. मी तिची कड घेणारी, पण हे लपवणार नाही. चार महिने ती गप्प बसली.

एका सकाळी त्याने विचारलं, “काल काय केलंस?” पोर विचार करत राहिली. रात्रभर झोप नसावी, डोळे खोल गेले होते. मग ती अगदी सरळपणे म्हणाली, “आज काही सुचत नाहीये, बाबा.”

एका क्षणात सगळं त्याच्या लक्षात आलं. पोर आजवर काय करत होती ते. त्याने मला उचललं. ओली होते मी, अर्धं गंध उगाळून झालेलं. त्याने मला लेकीच्या तोंडावर भिरकावलं.

आईचा हात मध्ये आला. कशी आली कुणास ठाऊक, शेगडी चार पावलांवर होती. तिचा उजवा हात माझ्यात आणि भिंतीत सापडला. तर्जनी आणि मधलं बोट. हाडं मोडल्याचा आवाज बाहेर फारसा आला नसेल, मला आला. मी खाली पडले. माझ्यावर पांढरं गंध होतं, त्यात तांबडं मिसळलं. ती ओरडली नाही. पोर ओरडली.

दवाखान्यातलं मी पाहिलं नाही. मायलेकींच्या भांडणातून पुढे मला ते तुकड्या-तुकड्यांनी कळलं. डॉक्टरांनी विचारलं, “कसं झालं?” तो म्हणाला, “दार लागलं.” डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, “हो. दार.” लेक शेजारीच उभी होती.

बोटं जुळली, पण वाकडी जुळली. मिटेनात. कारखान्याच्या मालकांनी तिला चाकावर बसवून पाहिलं. एका सकाळी सात काचा तडकल्या. मालक म्हणाले, “बाई, तुम्ही आता पुसायच्या कामावर बसा. तयार चष्मे फडक्याने पुसायचे, डबीत घालायचे.” तिच्या चाकावर तिनेच शिकवलेली एक मुलगी बसली. ती मुलगी येता-जाता विचारायची, “बाई, या काचेला एवढा जोर बरोबर ना?” आणि ही सांगायची, “थोडा कमी कर.”

घरात अकरा दिवस पूजा झाली नाही. त्याने देव सोडला. “तिथे कुणी नाही,” म्हणाला आणि फळीकडे पाठ करून खुर्ची मांडली. येणारे लोक यायचे बंद झाले. मी कोपऱ्यात पालथी पडून होते. माझ्या अंगावर डाग तसाच होता.

बाराव्या दिवशी तिने मला उचललं. डाव्या हाताने, पोटाशी धरून. मोरीत नेऊन घासलं. मला वाटलं, आता टाकून देईल. मी तिच्या जागी असते तर दिलं असतं. पण तिने मला फळीसमोर ठेवलं, थोडं पाणी घातलं आणि डाव्या हाताने चंदनाचं खोड धरलं.

फार वाईट उगाळलं. गंध कुठे पाण्यासारखं, कुठे गुठळ्या. हात थरथरत नव्हता, ऊब नव्हती, काही नव्हतं. तो हात काम करत होता, झालं. तिने तिन्ही मूर्तींना गंध लावलं, हात जोडले आणि उठून कामाला गेली.

“डाव्या हाताने देवाला गंध!” तो खुर्चीतून म्हणाला. “वा! आता तर नक्की प्रसन्न होईल.”

ती दुसऱ्या दिवशीही बसली. तिसऱ्याही. तो रोज काहीतरी बोलायचा. पाहुणे आले की मुद्दाम दाखवायचा, “बघा, आमच्या देवाला आता डावरी पुजारीण मिळाली.” शेजारच्या वहिनींनीही एकदा हळूच सुचवलं, “अगं, डावा हात बरा नाही दिसत देवाला. त्यापेक्षा नुसता नमस्कार कर.” ती म्हणाली, “उजवा वळत नाही हो.” आणि विषय संपवला.

लेकीला सर्वांत जास्त राग आला. “याच दगडाने तुझी बोटं मोडली. फेकून दे तो!”

“दगडाने नाही मोडली.”

“मग डॉक्टरांना का नाही सांगितलंस, कुणी मोडली ते?”

आईने वाती वळायला घेतल्या. लेक अठरा वर्षांची झाली आणि परिचारिकेचं शिक्षण घ्यायला लांबच्या गावी निघाली. जाताना पेटी दारात ठेवून ती आईपाशी आली. आई मूर्ती पुसत होती. लेक म्हणाली, “आई, तू त्यांच्यापेक्षा वाईट आहेस. त्यांना निदान काहीतरी हवं होतं. तुला काहीच नको आहे. तुझ्यासमोर माणूस मेला तरी तू वाती वळत बसशील.”

आईच्या हातातली मूर्ती पडली नाही, हात थांबलाही नाही. लेक गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गंध उगाळताना मात्र तिने खोड खाली ठेवलं आणि बराच वेळ नुसतीच बसली. मला वाटलं, आज तरी. आज तरी हिला काहीतरी दे, रे बाबा. एक आसू दे. फळीवरून काही आलं नाही. मग तिने खोड उचललं.

एकदाच तिने विचारून पाहिलं. खालच्या सभागृहात एक मोठे प्रवचनकार आले होते. वहिनी तिच्याबरोबर होत्या, त्यांनीच परत आल्यावर सगळं सांगितलं. शंका विचारायची वेळ आली तेव्हा ही उभी राहिली. म्हणाली, “मला पूजेत काहीच वाटत नाही. कधीच वाटलं नाही. तर करावी का?” प्रवचनकार हसले. म्हणाले, “माउली, भावाशिवाय पूजा म्हणजे प्रेताला दागिने घालणं.” सभेत हशा पिकला, टाळ्या पडल्या. ही खाली बसली. शेवटपर्यंत ऐकलं, चपला शोधल्या, घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाट बघत होते. खरं सांगते, येणार नाही असंच वाटलं होतं. ती आली. पाणी घातलं, उगाळलं.

तो निवृत्त झाला आणि दिवसभर घरात बसू लागला. खुर्ची त्याने हळूहळू वळवली. आधी अर्धी, मग पुरती. आता तो तिच्याकडे टक लावून बघायचा. टोमणे बंद झाले होते. त्याच्या डोक्यात काहीतरी वेगळंच शिजत होतं. एका सकाळी ते उकळून बाहेर आलं.

“तुला मिळतंय ना?” तो म्हणाला.

“काय?”

“नाटक नको करूस. मला जे मिळायचं ते. माझं बंद झालं आणि तुला सुरू झालं. त्याशिवाय कुणी एवढी वर्षं बसेल? सांग, काय होतं? काय दिसतं?”

ती गंध लावत होती. लावून झाल्यावर वळली. “काही नाही.”

“खोटं!”

“एकोणीस वर्षं झाली. एकदाही नाही.”

तो तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. ती खोटं बोलत नव्हती, हे त्याला कळलं आणि तेच त्याला सहन होईना. “मग कशाला?” तो जवळजवळ किंचाळला. “कशाला मग?”

मोडक्या बोटांवर पदर गुंडाळत ती म्हणाली, “कारखान्यात हजारो काचा घासल्या मी. त्यांतली एकही माझ्या डोळ्यांवर नव्हती.” मग म्हणाली, “मला नाही माहीत. कामाला उशीर होतोय.” आणि गेली.

तिने काहीतरी चोरलंय असं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. चोराला निदान पकडता येतं.

त्याच दुपारी त्याने भंगारवाल्याला वर बोलावलं आणि तिन्ही मूर्ती, निरांजन, घंटा, सगळं त्याच्या पोत्यात टाकलं. भंगारवाला माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “हा दगड नको. याचं काय करू?” म्हणून मी राहिले.

संध्याकाळी ती आली. हातपाय धुतले, दिवा लावायला वळली, तर फळी रिकामी. तो खुर्चीत ताठ बसला होता. “आता बघू कुणाला गंध लावतेस,” म्हणाला.

ती शेगडीकडे वळली. स्वयंपाक केला. त्याला वाढलं. स्वतः जेवली नाही.

सकाळी ती उठली. मला धुतलं, पाणी घातलं, खोड धरलं. डावा हात एव्हाना चांगला तयार झाला होता, गंध लोण्यासारखं उतरायचं. तो खुर्चीतून पुढे वाकून बघत होता. तिने गंधाचं बोट उचललं आणि रिकाम्या फळीवर तीन ठिकाणी टेकवलं. जिथे जिथे मूर्ती उभ्या असायच्या, तिथे तिथे, एकेक टिळा. हात जोडले. उठली.

तो मोठ्याने हसला. दुसऱ्या दिवशी थोडं कमी हसला. आठवड्याने हसणं संपलं. मग एके दिवशी पायात चपला घालून तो भंगारवाल्याकडे गेला आणि दोन तासांनी परत आला. ती दारात भेटली. “वितळवल्या,” तो म्हणाला. “चौकशी केली मी. वितळवून टाकल्या त्यांनी.”

“बरं,” ती म्हणाली.

त्यानंतर तो रोज सकाळी खुर्ची सोडून स्वयंपाकाच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी जमिनीवर बसू लागला. वय झालेलं, गुडघे दुखतात, तरी मांडी घालून. एक दिवस त्याने घसा खाकरला. “मला जरा उगाळू दे.”

“नाही,” ती म्हणाली.

उभ्या जन्मात तिने त्याला दिलेला हा पहिला नकार. आवाज चढला नव्हता. हातही थांबला नव्हता.

“अगं, मला काही नको आहे. नुसतं उगाळतो.”

“नाही म्हटलं ना.”

त्याने पुन्हा विचारलं नाही. पण ती कामाला गेली की तो उंबरा ओलांडून आत येतो. माझ्यापुढे बसतो. खोडाला हात लावत नाही, उरलेलं गंध कपाळाला लावत नाही. मला दोन्ही हातांनी उचलतो. ते हात आता कापतात, पण म्हातारपणाने. मोरीत नेऊन मला धुतो, कडा बोटाने साफ करतो, फडक्याने कोरडी करतो आणि जागच्या जागी आणून ठेवतो. रोज. दोन वर्षं झाली. यातून त्याला काही मिळत नाही. मला हात कळतात, मी सांगू शकते.

तिलाही हे माहीत आहे. सकाळी ती मला उचलते आणि मी लख्ख असते, तरी मोरीत नेते. त्याच्या डोळ्यांदेखत नळ सोडते आणि मला पुन्हा पहिल्यापासून घासून धुते. खालून, वरून, तिन्ही पायांमधून. तो उंबऱ्यावर बसून बघतो. मग ती बसते आणि देवासाठी गंध उगाळते.

मी दगड आहे. माझ्यावर किती हात फिरले आणि काय काय सांडलं, याचा मी कधी हिशेब मांडला नाही. तिने त्याला क्षमा करावी असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? त्या सकाळी भिंतीवर आदळले ती मीच. पण देवापुढे इतकी वर्षं बसून मी स्वतःसाठी काही मागितलं नाही, ते आज मागते. फळी रिकामी असली तरी मागते. एखाद्या सकाळी तिने मला उचलावं, बोटाने चाचपावं, स्वच्छ आहे म्हणावं आणि ते दुसरं पाणी माझ्यावर न घालता तशीच खाली ठेवावं.